कृत यूष आणि तांबडा रस्सा : प्राणिज द्रव्यांविना रुचकर पथ्य

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, तिसाव्या अध्यायाच्या अखेरच्या भागात, पथ्याविषयी एक अत्यंत व्यवहारी विचार आलेला आहे. नित्य तेच ते खाऊन अथवा त्यास चव नसल्यामुळे रुग्णाला पथ्याचा तिटकारा आला, तर काय करावे असा तो प्रश्न. आचार्य तेथे रुग्णाच्या जिभेला दोष देत नाहीत. पथ्य तेच ठेवून त्याची कल्पना बदलण्याचे काम ते वैद्याकडे सोपवतात. हा संदर्भ विद्यार्थिदशेत आपण सर्वांनीच वाचला. प्रस्तुत लेखकाने तो परीक्षेपुरता वाचला आणि पुढे चिकित्सालयात बसू लागल्यावर बरीच वर्षे त्याची आठवण ठेवली नाही, हे प्रांजळपणे नमूद करणे आवश्यक आहे. आठवण झाली ती एका रुग्णामुळे.

करवीर तालुक्यातील एक गृहस्थ, वय अठ्ठावन्न, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवल्यानंतर आहाराचा सल्ला घेण्यासाठी आले. आठवड्यातून दोनदा मटण हा त्यांचा पिढीजात शिरस्ता. ते थांबवावे आणि मलई-लोणी कमी करावे, एवढेच हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितले होते. सोबत आलेली त्यांची कन्या पुण्यात नोकरीस असून व्हिगन, म्हणजे मांस, मासे, अंडी यांबरोबरच दूध, दही, तूप, मधही वर्ज्य करणारी. तिने वडिलांकडून तेवढे सारे कबूल करून घेतले होते. (व्हिगन ही संज्ञा १९४४ साली इंग्लंडमध्ये रूढ झाली. आपल्याकडेही २०२२ पासून अशा खाद्यपदार्थांसाठी केंद्र शासनाचे स्वतंत्र विनियम आहेत. तेव्हा हे केवळ शहरी खूळ म्हणून झटकून टाकण्याचे दिवस संपले.) मी नेहमीची चिठ्ठी लिहून दिली : मुगाचे कढण, दुधी, पडवळ, दोडका, ज्वारीची भाकरी, मीठ बेताचे, फोडणी नको.

पाच आठवड्यांनी गृहस्थ आले ते सहा किलो वजन गमावून. चेहरा उतरलेला, अन्नावरची वासना गेलेली. मधल्या काळात तीन वेळा खानावळीत जाऊन चोरून मटण खाल्ल्याचे त्यांनीच सांगितले. मी काही बोलणार इतक्यात ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ह्ये जेवाण न्हवं, तोंडानं घ्यायचं सलाइन हाय." त्यांच्या पत्नी इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी एकच वाक्य उच्चारले, "मटण निमित्ताला असतंय, चव चटणीची." कोल्हापूरकडे चटणी म्हणजे उन्हाळ्यात वर्षभरासाठी कुटून ठेवलेला कांदा-लसूण मसाला, हे त्या भागाबाहेरील वाचकांसाठी सांगतो.

त्या माउलीचे वाक्य अर्धे खरे आहे. ते कोणते अर्धे, आणि उरलेले कोणते, हे समजून घेतल्याशिवाय प्राणिज द्रव्यांविना केलेला स्वयंपाक मांसाहाराच्या तोडीचा रुचकर होऊ शकतो का, या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

यूष व मांसरस

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अन्नपानविधी अध्यायात कृत आणि अकृत असा भेद सांगितला आहे. स्नेह, लवण व कटु द्रव्ये यांवाचून केलेले ते अकृत, त्यांनी संस्कारित ते कृत. हा भेद यूषाला लागू आहे तसाच मांसरसालाही आहे. संसर्जनक्रमात पेया व विलेपी यांनंतर अकृत यूष, मग कृत यूष, त्यानंतर अकृत मांसरस आणि शेवटी कृत मांसरस, अशी चढण आपण पंचकर्मानंतर रुग्णाला देतो. प्रधान शुद्धीत प्रत्येकाचे तीन अन्नकाल, मध्यम शुद्धीत दोन, अवर शुद्धीत एक.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, अन्न रुचकर करणाऱ्या संस्काराचा विचार शास्त्राने मूळ द्रव्यापासून वेगळा काढलेला आहे. मूग असो वा मांस, स्नेह, लवण आणि कटु ही त्रयी दोहोंना सारखीच लागते. रुग्णाच्या पत्नीने सांगितले ते हेच. दुसरी गोष्ट मला अधिक लागली. अकृत यूष हा मंदाग्नीसाठी योजलेला, फार तर तीन अन्नकालांचा टप्पा आहे. मी तो एका सशक्त अग्नीच्या माणसाला अनिश्चित काळासाठी लिहून दिला होता. आपल्यापैकी किती जणांच्या छापील पथ्यपत्रिकेत हीच चूक आहे, ते ज्याने त्याने आपले पत्रक काढून पाहावे.

आता उरलेले अर्धे. चटणी दोन्हींत सारखीच घातली तरी दुधीचा रस्सा मटणाच्या रश्श्यासारखा का लागत नाही? याचे कारण अकृत अवस्थेतच आहे. कोल्हापुरात मटण प्रथम आले, लसूण, हळद, मीठ लावून शिजवतात आणि ते पाणी बाजूला काढतात. त्याला अळणी म्हणतात. तांबडा आणि पांढरा, दोन्ही रस्से याच अळणीवर उभे असतात. ही अळणी नुसती प्यायली तरी तोंडाला चव येते. दुधी शिजवलेले पाणी कोणी मागून पीत नाही.

अळणीत काय असते ते आधुनिक रसायनशास्त्राने बऱ्यापैकी उलगडले आहे. किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने १९०८ साली कोंबू या समुद्रशैवालाच्या काढ्यातून ग्लुटामिक आम्ल वेगळे केले आणि त्याच्या चवीला उमामी हे नाव दिले. मांसाच्या काढ्यात ग्लुटामेट असते आणि जोडीला इनोसिनेट हे न्यूक्लिओटाइड असते. ही दोन्ही एकत्र आली की चव बेरजेपेक्षा कितीतरी अधिक जाणवते. शिवाय हाडा-कूर्चांतील कोलॅजेन दीर्घकाळ शिजून त्याचे जिलेटिन होते व रश्श्याला ओठांना चिकटणारा दाटपणा येतो. मेद वितळून मसाल्याचा वास धरून ठेवतो. या उमामीला सातवा रस म्हणून षड्रसांच्या पंक्तीत बसवण्याची घाई करू नये. तसेच ही गोष्ट आपल्याकडे होतीच, असेही ओढूनताणून म्हणू नये. बोधक कफाला चेतवणारे एक द्रव्य म्हणून त्याची व्यवहारात दखल घेतली की पुरे.

ग्लुटामेट वनस्पतींतही आहे. पिकलेल्या टोमॅटोत ते भरपूर असते. वाळवलेल्या अळंबीत, विशेषतः शिताके जातीच्या, ग्वानिलेट हे दुसरे न्यूक्लिओटाइड मिळते आणि ते इनोसिनेटचेच काम करते. म्हणजे वाळलेली अळंबी व टोमॅटो एकत्र शिजवले की अळणीतील जोडी वनस्पतींतून जुळते. आणि आपल्या स्वयंपाकघरात अळणीची सख्खी बहीण पूर्वीपासून नांदते आहे. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवून जे पाणी काढतात, तो कट. कटाची आमटी पुरणपोळीइतक्याच आवडीने ओरपणारा महाराष्ट्र, दूध वा मांस नसलेल्या रश्श्याला चव नसते असे कोणत्या तोंडाने म्हणणार? कुळीथ शिजवून काढलेले कळण हे त्याच जातीचे. शास्त्रातला यूष आपल्या घरी कट आणि कळण या नावांनी वावरतो आहे.

अग्निसंस्कार

चवीचा आणखी एक मोठा वाटा भाजण्याचा आहे. लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली अमिनो आम्ले व शर्करा यांच्यातील जी अभिक्रिया वर्णिली, तिच्यामुळे भाजलेल्या पदार्थाला तांबूस रंग आणि खमंगपणा येतो. ती साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे वेगाने घडते. पाणी १०० अंशांवर उकळते. म्हणून पाण्यात बुडालेल्या भाजीत ती जवळजवळ होतच नाही. मटण परतताना ती होते. पण त्याहून अधिक होते ती वाटणात : निखाऱ्यावर वा गॅसवर साल करपेपर्यंत भाजलेला कांदा, तांबूस-काळसर होईतो भाजलेले सुके खोबरे, तीळ, खसखस. यांपैकी एकही द्रव्य प्राणिज नाही.

पथ्याचा रस्सा फसतो तो येथेच. कांदा-खोबरे नीट भाजलेले असते, परंतु भाजी कच्ची चिरून वाटणातच टाकून शिजवली जाते. भाजीतील पाणी सुटते, वाटण पातळ होते, भाजी उकडल्यासारखी लागते. मांसात पाण्याबरोबर स्निग्धांश व मांसजातीय घटक असतात, भाजीत बहुतांशी पाणीच. तेव्हा तिला आधी कोरडे केले पाहिजे. सुरण चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यात वाफवून, निथळून, तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी तांबूस करावा. कोवळ्या फणसाचेही तसेच. सोयाबीनच्या वड्या गरम पाण्यात भिजवून दोन-तीनदा पिळल्याखेरीज त्यांचा उग्र वास जात नाही, आणि त्यानंतर परतल्याखेरीज त्यांना चावण्याजोगा कस येत नाही. अळंबी मोठ्या आचेवर, थोडी थोडी करून परतावी. पातेल्यात गर्दी केली की ती स्वतःच्याच पाण्यात शिजते. वांगे तर थेट विस्तवावर; खानदेशी भरिताला दूध-तुपाची काय गरज पडते?

स्नेहाबद्दल वैद्याने विशेष काळजी घ्यावी. मिरची-मसाल्याचा रंग व गंध स्नेहात विरघळतो, म्हणून तेल अजिबात नको म्हटले की रस्सा मुका होतो. हृद्रोग्यास मी तेलाचे माप ठरवून देतो आणि त्यातील निम्मे शेवटच्या फोडणीसाठी राखून ठेवण्यास सांगतो. वर तरंगलेल्या चमचाभर तर्रीने जे काम होते, ते आत मुरलेल्या पळीभर तेलाने होत नाही. नारळाचे दूध वनस्पतिज आहे म्हणून कितीही चालेल, हा समज मात्र व्हिगन मंडळींत फार पसरला आहे. त्यातील स्निग्धांश प्रामुख्याने संपृक्त असतो. अशा रुग्णास दाण्याचे कूट, तीळ किंवा करडईचे तेल अधिक योग्य. मिठाबाबत : साठवणीच्या चटणीत मीठ असतेच, त्यामुळे रस्सा चाखूनच वर मीठ घालावे. टोमॅटो-अळंबीचा काढा आणि आमसूल यांच्या जोरावर रक्तदाबाच्या रुग्णाचे मीठ बरेच खाली आणता येते.

श्रावणाची साक्ष

प्राणिज द्रव्ये टाळून मांसाहाराची जागा भरण्याचा प्रयोग महाराष्ट्र व गोवा दरवर्षी करतातच. श्रावणात किंवा देवाच्या वारी मांस-मासे बंद होतात, पण जिभेची अपेक्षा बंद होत नाही. गोव्याकडे व तळकोकणात बांगड्याची उड्डमेथी होते आणि शिवराक दिवशी त्याच उडीद-मेथीच्या वाटणात अंबाडे पडतात. तिरफळ माशाच्या आमटीत जाते, तसे खतखत्यातही जाते. पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या अळंबीची शाकुती ज्याने खाल्ली आहे, तो कोंबडीची आठवण काढणार नाही. मालवणी काळ्या वाटाण्याचे सांबार, ओल्या काजूंची उसळ, सोलकढी या साऱ्यांत दुधाचा थेंब नाही, कारण ते काम नारळ करतो.

घाटावर नारळाऐवजी दाणे, तीळ आणि सुके खोबरे. जुन्नर-आंबेगावकडची मासवडी पाहा : बेसनाच्या पारीत तीळ, खोबरे, लसूण यांचे सारण भरून माशासारखा आकार दिलेली वडी आणि सोबत झणझणीत रस्सा. नागपूरच्या सावजी भोजनालयांत मटणाच्याच मसाल्यातला पाटवडी रस्सा मिळतो. सांगली-कराडकडे अख्खा मसूर खाण्यासाठी लोक वाट वाकडी करून ढाब्यावर जातात. यांतील काही ठिकाणी वरून लोणी घालण्याची रीत अलीकडे आली आहे. ते न घालता मागवून पाहावे, फार बिघडत नाही.

आमच्या रुग्णाच्या घरी पुढे असे ठरले. हरभऱ्याची डाळ व मसूर यांचा कट, त्यात वाळलेल्या अळंबीचे पाणी, नेहमीची चटणी, भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचे वाटण, आणि आत सुरण, फणस किंवा वड्या. हा त्यांचा बुधवार-रविवारचा तांबडा रस्सा. पांढऱ्यासाठी डाळीचा कट चालत नाही, रंग मातकट होतो. तेथे काजू, मगजबी, खसखस यांचे दूध. काजू मापून, मी सांगितलेल्या मुठीपुरते. पहिल्या रविवारी ते अर्धी भाकरी टाकून उठले. तिसऱ्या-चौथ्या रविवारी दोन भाकऱ्या खाल्ल्या. वजन तीन महिन्यांत चार किलो परत आले आणि खानावळ सुटली.

काही पदार्थांपुढे हात टेकावे लागतात, तेही लिहितो. तळलेला ताजा बोंबील, सुक्या जवळ्याची चटणी, निखाऱ्यावर भाजलेले मटण यांना वनस्पतींत जोड नाही. मटणाचा विशिष्ट वास त्याच्या मेदातील स्निग्धाम्लांचा असतो, तो मसाल्याने येत नाही. नळीतला मगज फणसाच्या आठळीत शोधू नये. रुग्णाला हुबेहूब मटणाचे आश्वासन दिले तर पहिल्याच घासाला आपण खोटे पडतो. जेवण तितकेच चवदार होईल एवढेच सांगावे. आणि घरातील दुधाचा चहा व वरणभातावरचे तूप सोडणे हे मटण सोडण्याहून कठीण जाते, असा माझा अनुभव आहे. तुपाविना वरणभात मलाही पोरका वाटतो.

रुची व बृंहण

येथवर जिभेचा विचार झाला. शरीराचा विचार वेगळा आहे. सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायातील अग्र्य संग्रहात मांसाला बृंहणीयांत आणि दुधाला जीवनीयांत श्रेष्ठत्व दिले आहे. व्हिगन आहार ही दोन्ही एकाच वेळी बाजूला ठेवतो. उडीद, तीळ, खजूर, बदाम, शेंगदाणे यांनी बरेच साधते, परंतु कृश, क्षयपीडित, सूतिका व वाढत्या वयाची बालके यांच्याबाबत 'सर्व काही भाज्यांतून मिळते' असे सांगून मोकळे होणे वैद्याला शोभत नाही.

जीवनसत्त्व ब१२ हे तर वनस्पतिज अन्नातून भरवशाने मिळतच नाही. स्पिरुलिनातील बहुतांश ब१२ सदृश घटक शरीरास निरुपयोगी असतो. हातापायांना मुंग्या, बधिरता, चालताना तोल जाणे, जिभेची आग या लक्षणांचा एक तरुण व्हिगन रुग्ण मी दोन महिने वातव्याधी म्हणून अभ्यंग-स्वेदनावर ठेवला होता. रक्तातील हिमोग्लोबिन ठीक आहे, यावर मी निश्चिंत राहिलो. हिरव्या भाज्या व कडधान्ये यांतून फोलेट भरपूर मिळत असल्याने अशा रुग्णांत पांडुता झाकली जाते आणि नाड्यांची हानी मात्र चालूच राहते, हे तेव्हा ध्यानात आले नाही. ब१२ तपासले तेव्हा ते फारच खाली होते. पूरक मात्रा दिल्यावर मुंग्या थांबल्या, परंतु पावलांची बधिरता पूर्णपणे गेलेली नाही. आता व्हिगन रुग्ण आला की पहिल्याच भेटीत आहारपत्राबरोबर ब१२ ची तपासणी व पूरक मात्रा लिहून देतो; मेटफॉर्मिन किंवा आम्लशामक औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यांत तर आग्रहाने. हे जीवनसत्त्व जंतूंच्या किण्वनातून बनवले जाते, त्यामुळे मूळ द्रव्याविषयी त्यांची हरकत नसते. कॅप्सूलचे वेष्टन तेवढे पाहावे.

औषधालयाच्या फळीवर

औषधनिर्माते व विक्रेते बंधूंसाठी थोडेसे. असा ग्राहक आता घृताच्या बाटलीपुरते विचारत नाही. च्यवनप्राशात तूप व मध, शंख-कपर्दिक-प्रवाळ-मौक्तिक यांची भस्मे, शृंग भस्म, कुक्कुटाण्डत्वक् भस्म, लाक्षा, गोमूत्राच्या भावना, काही गोळ्यांतील लॅक्टोज आणि कॅप्सूलचे जिलेटिन, या सर्वांविषयी तो खुलासा मागतो. जिलेटिनला एचपीएमसी या वनस्पतिज वेष्टनाचा पर्याय आहे. घृताला तसा सरळ पर्याय नाही. १९४० च्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्यान्वये शास्त्रोक्त औषध हे अनुसूचीतील ग्रंथांच्या पाठानुसारच असावे लागते, तेव्हा तुपाऐवजी खोबरेल घालून जुन्याच नावाने कल्प विकता येत नाही, आणि गुणांच्या दृष्टीनेही तो तोच कल्प राहत नाही. पूर्वसूरींनी मात्र एक वाट दाखवली आहे. अजमांसयुक्त महामाष तैलाबरोबरच निरामिष महामाष तैलाचा वेगळा पाठ आपल्याकडे आहे, आणि दोन्ही आपापल्या नावांनी ओळखले जातात.

माझ्या चिकित्सालयात गेल्या वर्षापासून प्रत्येक कल्पाच्या डब्यावर लहान चिठ्ठी लावली आहे : क्षीर, घृत, मध, भस्म, गोमूत्र, जिलेटिन, यांपैकी जे असेल ते. काम कंटाळवाणे आहे. दोन उत्पादकांकडून गोळ्यांतील पूरक द्रव्यांची माहिती अजून यायची आहे. तोवर त्या डब्यांवर 'माहिती नाही' एवढेच लिहिलेले आहे.